डावीकडून येणारी गाडी

थोरलीचे कान तिखट आहेत, हे त्या घरात भिंतींनासुद्धा ठाऊक होतं. खालच्या मजल्यावर कुणी नळ अर्धवट बंद केला, की ही वरून ओरडायची. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर. तो ड्यूटी संपवून गल्लीच्या तोंडाशी खोकला, की इकडे हिनं चहाचं आधण ठेवलंच म्हणून समजा. धाकटा दीर म्हणायचा, "या घरात मनातल्या मनात बोलायचीसुद्धा चोरी. वहिनी ऐकतात."

घरात दोघी जावा, थोरली आणि धाकटी. दोघी मिळून साउंडचा धंदा चालवायच्या. धंदा मूळचा सासऱ्यांचा. त्यांच्या दोन्ही मुलांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकाला गाड्यांचं वेड, दुसऱ्याला पंख्याखालची नोकरी प्यारी. थोरली मात्र लग्नानंतर एकदा सासऱ्यांचा डबा घेऊन हॉलवर गेली आणि सहज म्हणून गेली, "मामंजी, या बाई नाकात गातायत, का आपलंच काहीतरी चुकतंय?" सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, एक बटण जरासं फिरवलं आणि बाईंचा आवाज नाकातून बाहेर आला. "उद्या डबा लवकर आण," एवढंच म्हणाले. डबा निमित्त होतं. पुढे ती कायमचीच मिक्सरवर बसली.

मिक्सर म्हणजे चटणी वाटायचा नव्हे. धाकटीचं लग्न ठरताना 'त्यांच्याकडे मोठा मिक्सर आहे' हे ऐकून तिची आई भलतीच खूश झाली होती, आणि त्यावरून धाकटीला अजून ऐकून घ्यावं लागतं. हा मिक्सर टेबलाएवढा. स्टेजवरचे सगळे आवाज त्यात येतात, तिथे त्यांना वर-खाली करायचं, आणि मग ते दोन वाटांनी बाहेर जातात, डावीकडच्या स्पीकरला आणि उजवीकडच्या स्पीकरला. धाकटी स्टेज सांभाळायची. केबली ओढायच्या, माइक लावायचे, खोकी उचलायची. मिक्सरला हात लावायचा नाही, हा थोरलीचा दंडक. धाकटीनं तो पाळला, पण मनापासून नव्हे, आणि हे थोरलीला चांगलं माहीत होतं.

सासऱ्यांचे कान म्हातारपणी गेले. एकदम नाही, हळूहळू. त्यांना बारीक आवाज ऐकू येईनात, म्हणून ते बारीक आवाज वाढवत गेले. माणसं बोलायला लागली की सुया टोचल्यासारखं व्हायचं. पण त्यांना सांगणार कोण? "कसं येतंय गं?" ते विचारायचे. "छान येतंय, मामंजी." मुलगे म्हणायचे, "छान, बाबा." सगळं घर छान-छान करत राहिलं. आणि मग एका भर कार्यक्रमात स्पीकरनं अशी काही किंकाळी फोडली, की लोकांनी कानांवर हात ठेवले, गाणारी बाई स्टेज सोडून आत पळाली, आणि सासरे मात्र मान डोलवत, हसत बसलेले. थोरलीनं मागून हात घातला आणि आवाज खाली ओढला. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ते डोळे तिला जन्मात विसरता आले नाहीत. त्यानंतर ते हॉलवर गेले नाहीत. आतल्या खोलीत, सगळ्यांच्या मधोमध बसून, कुणीतरी आपल्याशी बोलेल याची वाट बघत त्यांची शेवटची वर्षं गेली.

तेव्हापासून थोरलीला एकच भीती होती. आग नाही, चोर नाही, मरणसुद्धा नाही. आपले कान.

त्या दिवशी संध्याकाळी नाटक होतं आणि दुपारी त्याची तालीम. थोरलीचं आदल्या दिवसापासून काहीतरी बिनसलं होतं. आदल्या सकाळी उठली तर डाव्या कानाला दडे बसल्यासारखे. न्हाताना पाणी गेलं असेल, म्हणून ती मान वाकडी करून एका पायावर उड्या मारत होती. नवरा म्हणाला, "हा कुठला नवीन व्यायाम?" मग बहिणीचा फोन आला, नेहमीप्रमाणे डाव्या कानाला लावला तर पलीकडे चिडीचूप. फोन बिघडला, असा निकाल तिनं देऊन टाकला. तोच फोन उजव्या कानाला लावल्यावर बहीण तावातावानं बोलत होती, याकडे तिनं कानाडोळा केला. जन्मभर यंत्रांचे बिघाड शोधलेली बाई. तिला बिघाड म्हटलं की यंत्रच दिसायचं. कानात एक सूं-सूं चालू होतं. तेही तिनं पंख्याच्या खात्यावर टाकलं, आणि पंखा सूं-सूं करतो म्हणून धाकटीकडे कुरकुरलीही.

नाटकात एक प्रसंग असा, की बऱ्याच वर्षांनी नवरा परत येतो. तो दिसत नाही, त्याच्या मोटारीचा आवाज येतो. मोटार डावीकडून येते, घरामागून जाते आणि उजवीकडे थांबते, आणि नायिका आवाजाच्या मागोमाग नुसती मान फिरवते, डावीकडून उजवीकडे. दिग्दर्शकाचं सगळं नाटक त्या मानेवर उभं होतं. तो थोरलीला येऊन सांगून गेला, "बाई, गाडी दूरवर डावीकडे ऐकू आली पाहिजे. अगदी दूर."

थोरलीनं हॉलच्या मागच्या टोकाला, आपल्या मिक्सरच्या टेबलाशी बसून हेडफोन चढवला आणि गाडी सोडली.

काहीच नाही. मग अचानक, जमिनीतून उगवल्यासारखी, गाडी मधोमध उमटली आणि उजवीकडे निघून गेली.

तिनं परत सोडली. परत तेच. डावीकडे गाडी नव्हतीच.

हात सवयीनं पुढे गेला आणि तिनं स्टेजकडे जाणाऱ्या माइकचं बटण दाबलं. "अगं ए, डावं आउटपुट गेलंय."

स्टेजवर वायरींच्या गुंत्यात बसलेल्या धाकटीनं मान वर केली. "काय गेलंय?"

"डावं! मिक्सरमधून डावीकडे काही बाहेरच पडत नाहीये. केबल बदल."

धाकटीनं केबल बदलली. "बघा आता."

"नाही."

"दुसरी लावते."

"नाही येत. अगं, नीट खोच की, फुलं माळतेस काय?"

शिडीवर चढून दिवे बांधणारा लाइटवाला, ज्याला सगळे काजवा म्हणायचे, वरूनच म्हणाला, "वहिनी, मला तर दोन्हीकडून झकास ऐकू येतंय. वर जास्त ऐकू येतं की काय?"

"तू तुझे दिवे बघ!" थोरली अशी खेकसली की काजव्याच्या हातातला पाना खाली पडला. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज त्यानं ऐकला नव्हता. तिनंही नव्हता ऐकला.

मिक्सरवर दोन उभ्या रांगांत हिरवे दिवे असतात. आवाज बाहेर पडला की ते चढतात-उतरतात, डावी रांग डाव्या वाटेची, उजवी उजव्या वाटेची. गाडी सुरू झाली की डावी रांग आधी चढत होती, मग ती उतरून उजवी चढत होती. अगदी व्हायला हवं तसंच. यंत्र सांगत होतं, की बाई, माझ्याकडून आवाज जातोय. थोरलीनं त्या दिव्यांवरून नजर काढून घेतली, आणि काढली ती परत तिकडे न्यायचं धाडस तिला झालं नाही.

ती उठून डाव्या स्पीकरपाशी गेली. गाडी लागली होती, आवाज होता, पण तो उजवीकडून येत होता. समोर डावा स्पीकर, त्याच्यापुढे ती, आणि आवाज उजवीकडून. तिनं डावा कान जाळीला जवळजवळ टेकवला. आवाज लांब गेला, कुणी वर रजई टाकावी तसा.

"हा बॉक्स गेलाय," ती म्हणाली. "तिकडचा इकडे आणा, इकडचा तिकडे न्या."

"ताई, एवढे जड बॉक्स? आता? अहो, चालू आहे हा, हात लावून बघा, कसा थरथरतोय."

"आणा म्हटलं ना!"

धाकटीनं काजव्याला खाली बोलावलं आणि दोघांनी धापा टाकत बॉक्सची अदलाबदल केली. ही अदलाबदल सासऱ्यांची शिकवण. शंका आली की दोन वस्तू एकमेकींच्या जागी लावायच्या. दुखणं वस्तूबरोबर गेलं तर वस्तू खराब. दुखणं जागेवरच राहिलं तर जागा खराब. त्यात चुकायला वावच नसतो. बॉक्स बदलले, दुखणं डावीकडेच राहिलं. विंगेतल्या अँप्लिफायरच्या वायरी अदलून बघितल्या, दुखणं डावीकडेच. दिग्दर्शक येऊन घड्याळाकडे बघत "काही मोठं आहे का?" विचारून गेला. थोरली हसून म्हणाली, "किरकोळ."

मग बदलायचं असं काही उरलं नाही. म्हणजे, एक गोष्ट उरली होती.

हेडफोन उलटा घालायचा. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. हे खरं तर सगळ्यात आधी करायचं काम. या धंद्यातलं कालचं पोरही आधी हेच करेल. उलटा घातल्यावर उजवा कान बहिरा झाला, तर बिघाड यंत्रात. आणि तरीही डावाच बहिरा राहिला, तर...

थोरली खुर्चीवर हेडफोन मांडीत घेऊन बसली. तिच्या मनात आलं, आता हा उलटा घातला की कळेल. आणि एकदा कळलं की परत न कळलेलं करता येणार नाही. दुपारभर तिनं धाकटीला गुडघ्यांवर रांगायला लावलं, काजव्याला बॉक्स उचलायला लावले, ते सगळं या एका गोष्टीला टाळण्यासाठी, हे तिला आत कुठेतरी माहीत होतं. काळीज असं उडत होतं की ते तिला उजव्या कानात ऐकू येत होतं. फक्त उजव्या.

तेवढ्यात साडीचा पदर कमरेला खोचून, धुळीनं माखलेली धाकटी हॉलमधून चालत मिक्सरपाशी आली. तिनं थोरलीच्या मांडीतला हेडफोन उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर चढवला. मिक्सरला हात न लावायचा दंडक तिनं तेव्हाही मोडला नाही. "गाडी सोडा," म्हणाली.

थोरलीनं गाडी सोडली आणि धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली. देवघरासमोरही ती कधी इतक्या आशेनं उभी राहिली नसेल. गाडी आली, गेली. धाकटी हलली नाही. मग तिनं हळूच हेडफोन काढला, त्याची वायर नीट केली, उगीचच, आणि म्हणाली, "खरंय, ताई. डावं गेलंय."

थोरलीच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला की तिला हसूच फुटलं. "बघ! मी म्हणत नव्हते? मेलं हे यंत्र! दुपारपासून जीव खाल्ला माझा." तिनं मिक्सरला एक चापट मारली. "माझ्या मनात काय काय येऊन गेलं, तुला काय सांगू. अगं, मला वाटलं... जाऊ दे. आण तो हेडफोन. आता हेडफोन खराब की मिक्सर, एवढंच बघायचं."

"राहू दे ना, ताई. मी बघते."

"आण गं!"

आता भ्यायचं कारणच नव्हतं. थोरलीनं झटक्यात हेडफोन उलटा घातला आणि गाडी सोडली. आता उजव्या कानावर डावी वाटी होती, म्हणजे उजवा कान मुका राहायला हवा.

उजव्या कानात गाडी आली. दूरवरून, अगदी दूरवरून, खडी तुडवत, जशी दिग्दर्शकाला हवी होती तशी. जवळ आली, आणि मधोमध येऊन विरून गेली. डाव्या कानात तीच सूं-सूं.

तिनं हेडफोन सुलटा केला. गाडी सोडली. उलटा केला. सोडली. परत सुलटा केला. धाकटीनं तिचं मनगट धरलं तेव्हा ती थांबली.

"तुला ऐकू आलं होतं," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

धाकटी खाली बघत होती.

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे, ताई."

"मग खोटं का बोललीस?"

"तुमच्या तोंडाकडे बघवेना." धाकटीचे डोळे भरले. "कालपासून बघतेय मी. स्वयंपाकघरात हाक मारली तर तुम्ही भलतीकडेच वळता. मी डावीकडे बसले की उठून जागा बदलता. मला कळत होतं, ताई. पण तोंडातून निघेचना. मामंजींना आपण जसं सांगायचो, तसंच निघालं. छान येतंय."

म्हणजे आता थोरली सासऱ्यांच्या जागी होती. आता घर तिच्याशी छान-छान बोलणार होतं. सगळे तिच्यासमोर जरा मोठ्यानं बोलतील, पाठीमागे हळू बोलतील. गावभर होईल, की साउंडवाल्या बाईला ऐकू येत नाही, आणि लोक पोट धरधरून हसतील, आणि मग एक दिवस कुणीतरी मागून हात घालून आवाज खाली ओढेल. कोण घालेल तो हात, हेही तिला समोरच दिसत होतं.

पण ती हार मानणाऱ्यांतली नव्हती. मिक्सरवर एक बटण असतं. ते दाबलं की दोन्ही वाटांचा आवाज एकत्र होऊन हेडफोनच्या दोन्ही वाट्यांत सारखाच येतो. तिनं ते दाबलं. गाडी सोडली. उजव्या कानात सगळी गाडी आली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. डावं-उजवं दिव्यांवर बघून घेता येईल. कुणाला कळणार नाही. वर्षानुवर्षं कळणार नाही.

"हे बघ," ती घाईघाईनं म्हणाली, "असं चालतं. आजचं निभतं. नाटक होऊ दे. मग बघू सावकाश, पुढच्या आठवड्यात वगैरे. तू कुणाला बोलू नकोस. यांनाही नको. तुझ्या नवऱ्याला तर मुळीच नको, त्याच्या पोटात काही राहत नाही."

धाकटी जरा बाजूला गेली आणि मामंजींना न्यायचे त्या कानाच्या दवाखान्यात तिनं फोन लावला. थोरलीला तिचं एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "हो, एकच... डावा... अचानक, कालपासून... हो, सूं-सूं आहे म्हणतात." मग धाकटी बराच वेळ नुसती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून ती परत आली.

"आत्ताच्या आत्ता या म्हणाले. उद्यावर ढकलू नका. अशा अचानक गेलेल्या कानाला लवकर औषध मिळालं तर परत यायची आशा असते. जितका उशीर, तितकी ती कमी होत जाते. मग येतच नाही."

"आणि नाटक?"

"मी बसते."

थोरलीनं तिच्याकडे असं बघितलं की काजव्यानं शिडीवरून मुद्दाम दुसरीकडे तोंड फिरवलं. "अस्सं. खुर्ची हवीय होय तुला?"

बोलून गेली आणि तिलाच ते बोचलं, पण शब्द परत घेता येईना.

धाकटी रागावली नाही. पदरानं नाक पुसून म्हणाली, "हवीच आहे. लग्न झाल्यापासून हवीय. पण अशी नको, ताई. तुम्ही शिकवून दिलेली हवी. आणि बहिऱ्या माणसाकडून मी काय शिकणार? उठा."

'बहिऱ्या' हा शब्द त्या घरात इतक्या वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. थोरलीला तो थोबाडीत मारल्यासारखा लागला, आणि त्या माराबरोबरच ती उठून उभी राहिली. कुठल्या चॅनेलवर कुणाचा माइक, नायिका कुठे हळू बोलते, गाडी कधी सोडायची, सगळं तिनं भराभर सांगितलं. "डावीकडे दूरवर," दोनदा म्हणाली. मग पर्स उचलली.

"काजव्याला बरोबर नेता का?"

"दवाखाना काय चंद्रावर आहे? चालत जाईन."

हा तोरा पहिल्या चौकापर्यंत टिकला. तिथे रस्ता ओलांडायचा होता, आणि तिच्या लक्षात आलं की रस्ता ओलांडणं हे आपण जन्मभर कानांनी करत आलोय. आता सगळी वाहनं उजवीकडून येत होती. हॉर्न उजवीकडून, ब्रेक उजवीकडून, मागून चालणाऱ्या बाईच्या चपलासुद्धा उजवीकडून. तिनं उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा. एक पाऊल टाकलं आणि डावीकडून एक मोटारसायकल तिच्या पदराला वारा घालत गेली. "ऐकू येत नाही का?" चालवणारा ओरडला.

थोरली मागे सरून खांबाला धरून उभी राहिली. लोक येत होते, पलीकडे जात होते, आणि एवढी मोठी बाई, जिचा नवरा याच रस्त्यावरून रोज बस हाकायचा, ती जीव मुठीत धरून खांबाला चिकटली होती. तिला रडू यायला लागलं. शेवटी एक आजोबा काठी टेकत आले. तिनं त्यांना म्हटलं, "मी तुमच्याबरोबर येते हं." त्यांना वाटलं ही आपल्याला मदत करतेय. ते म्हणाले, "देव तुझं भलं करो, बाई," आणि दोघं एकमेकांच्या आधारानं पलीकडे गेले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा घालून बघितलं. "पडदा चांगला आहे. बिघाड आतला दिसतोय." थोरलीला वाटलं, हेच आपण दुपारभर धाकटीला सांगत होतो. "तपासणी करून घ्या. नक्की किती गेलंय ते नीट कळलं, तर औषध किती द्यायचं ते मला ठरवता येईल. अंदाजानं काही करायचं नाही."

तपासणीची खोली म्हणजे जेमतेम एका खुर्चीचं खोकं. दार लावलं आणि बाहेरचं जग बंद झालं. समोर काच, काचेपलीकडे यंत्रापाशी बसलेली एक मुलगी. तिनं थोरलीला हेडफोन घातला आणि हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

आधी उजवा कान. थोरलीनं असं काही बटण दाबलं की मुलगी काचेमागून कौतुकानं हसली. मुंगी चालल्यासारखे आवाज होते, तेसुद्धा तिनं सोडले नाहीत. मग मुलीनं खूण केली: आता डावा.

थोरली वाट बघत बसली. काहीच येईना. सूं-सूं तेवढी होती. आणि मग तिला दिसलं, की आवाज सोडताना मुलीचा उजवा खांदा किंचित हलतो, आणि तिच्या चष्म्यात यंत्राचा एक छोटासा दिवा चमकून जातो. खांदा, दिवा. मग जरा थांबून पुन्हा खांदा, दिवा. जिनं आयुष्य दिव्यांच्या रांगा वाचण्यात घालवलं, तिला हे वाचायला कितीसा वेळ? तिचा अंगठा आपणहून बटणावर आला. एकेक दिवा आला की एकेकदा दाबायचं. कागदावर चांगला कान उतरेल. ती घरी जाईल. नवऱ्याला सांगेल, काही नाही हो, मळ होता. उद्या परत खुर्चीवर बसेल. छान येतंय.

खांदा हलला. दिवा चमकला. अंगठ्याखाली बटण जरासं खालीही गेलं.

थोरलीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

डोळे मिटल्यावर भीती इतकी मोठी झाली की तिला त्या खोक्यातून ओरडत बाहेर पळावंसं वाटलं. ती पळाली नाही. दुसऱ्या हातानं तिनं खुर्चीची कड धरली आणि मान जराशी डावीकडे कलती करून ऐकत राहिली. पलीकडे मुलगी एकामागून एक आवाज सोडत असणार, आधीच्यापेक्षा मोठा, मग त्याहून मोठा. थोरलीचा अंगठा बटणावर होता. तिनं तो दाबला नाही.